पुढे वळण आहे, चालकाने काय करावं?

गाडीच्या बाबतीत तिची पहिली चूक झाली ती अशी, की घेण्याआधी तिने सगळं वाचलं.

माणसं गाडी घेतात ती रंग बघून, शेजाऱ्याची बघून, नाहीतर मेव्हण्याने घेतली म्हणून. अशी माणसं सुखात असतात. पण चिऊ झाल्यापासून तिने न वाचता घरात काही येऊ दिलं नव्हतं. दुधाच्या बाटलीच्या बुचावरची बारीक अक्षरं, कापडी सशाच्या पोटाला शिवलेली चिंधी, साबणाच्या वेष्टनाची आतली बाजू, सगळं तिचं वाचून झालेलं होतं. लग्नाआधी तिला ही सवय नव्हती म्हणून आपलं जमलं, असं नवरा चारचौघांत सांगायचा आणि घरी आल्यावर त्याबद्दल ऐकून घ्यायचा.

गाड्या भिंतीवर आपटून बघतात त्या चित्रफिती तिने चिऊ झोपल्यावर एकामागून एक पाहिल्या. त्यांत मागच्या सीटवर लहान मुलाएवढं बाहुलं बसवलेलं असतं. बाकीच्या गाड्यांत त्या बाहुल्याचं जे काही व्हायचं ते तिच्याने बघवत नसे. या एका गाडीत मात्र भिंत फुटली, धूळ उडाली आणि बाहुलं दुपारच्या जेवणानंतर डुलकी लागावी तसं नुसतं एका बाजूला कललं. त्या बाहुल्याने तिचा निकाल लावला.

गाडी आपल्या ऐपतीतली नव्हती. जिच्यातून उतरणाऱ्याला लोक आधी वाट करून देतात आणि कोण उतरलं ते मग बघतात, त्या जातीची, विजेवर चालणारी, पाण्यावरून बदक सरकावं तशी सरकणारी. पण नवऱ्याच्या कचेरीने ती मोठ्या साहेबांसाठी घेतली होती आणि साहेबांना तिच्यात बसलं की मळमळत होतं. तेव्हा ती जवळजवळ नवीच विकून टाकायची होती. सासऱ्यांनी आपली जुनी गाडी विकायला दिली तर जमण्यासारखं होतं. जुन्या गाडीच्या मागच्या सीटला पट्टे होते असं सासरे शपथेवर सांगत, पण ते कोणाला सापडले नव्हते. सुनेने एकदाच म्हटलं, "बाबा, चिऊसाठी." सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी जुन्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढून टेबलावर ठेवली. सासूबाईंना शेवटपर्यंत त्याच गाडीतून फिरवलं होतं, हे ते बोलले नाहीत. तिला ते माहीत होतं.

आता सासऱ्यांविषयी सांगायला हवं. उभा जन्म त्यांनी वाहन परवान्याच्या कचेरीत काढला होता. परवाना हवा असणाऱ्या थरथरत्या माणसांच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि त्यांना पास किंवा नापास करायचं, हे त्यांचं काम. अर्धं गाव त्यांनी पास केलं होतं आणि उरलेलं अर्धं अजून त्यांना बघून रस्ता ओलांडत होतं. नापास हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. चाचणी संपली की ते समोर बघत, नाकावरचा घाम पुसत आणि म्हणत, "पुढच्या वेळी या." एवढ्या तीन शब्दांनी भले भले वकील आणि डॉक्टर गाडीतून खाली मान घालून उतरलेले होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळे त्यांना परीक्षकच म्हणत.

नवी गाडी आली तेव्हा परीक्षकांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि इंजिन कुठे आहे ते विचारलं. इंजिन नाही म्हटल्यावर ते थोडे हिरमुसले. दारांना कड्याही नव्हत्या. म्हणजे होत्या, पण दाराच्या पोटात. मालक जवळ आला की त्या आपण होऊन बाहेर येत, लाजऱ्या नव्या सुनेसारख्या. सगळ्यांत वाईट म्हणजे प्रवास संपला की गाडी पडद्यावर चालकाला तारे देई. पाचपैकी किती, ते. "मला ही पास करणार?" असं म्हणून सासरे खाली उतरले. पण पाचही तारे मिळाले आहेत ना, हे काचेतून वाकून बघून मगच घरात गेले, हे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

महिनाभरात ते गाडीच्या प्रेमात पडले. रोज संध्याकाळी चिऊला मागच्या सीटवर नीट बांधून ते तळ्याकाठी बदकं बघायला न्यायचे. जाताना दोघांची परीक्षा चाले. "पुढे वळण आहे. चालकाने काय करावं?" असं सासरे खर्जात विचारायचे. "हॉर्न!" चिऊ ओरडायची. "चूक. वेग कमी करावा. पुढे म्हैस आहे. चालकाने काय करावं?" "टाटा!" "बरोबर," सासरे म्हणायचे, कारण म्हशीच्या बाबतीत नियम थोडे सैल होते. परत आल्यावर चिऊ प्रत्येकाला, अगदी शेजारच्या मांजरालाही, पुढे वळण आहे म्हणून बजावून ठेवायची.

इथवर सगळं ठीक होतं. मग पहिला रिकॉल आला.

रिकॉल म्हणजे कंपनीने गाडीला दोन दिवस माहेरी बोलावणं. तिथे तिचं दुखलंखुपलं बघतात आणि परत पाठवतात. निरोपही तसाच गोड होता. 'आपली सुरक्षितता हाच आमचा ध्यास' असं आधी म्हटलं होतं आणि खाली, अगदी खाली, काही गाड्यांमध्ये काही परिस्थितीत दारांच्या कड्या बाहेर न येण्याची काहीशी शक्यता असल्याचं कळवलं होतं. बारीक अक्षरं वाचणारी ती घरात एकटीच. दार उघडलं नाही तर? चिऊ आत असली तर? तिने फोन लावला. गोड आवाजाच्या मुलीने गाडीचा क्रमांक विचारला, बराच वेळ संगीत ऐकवलं आणि सांगितलं की निरोप त्यांना चुकून गेला आहे, त्यांची गाडी त्या खेपेतली नाही, काळजी नसावी.

काळजी नसावी असं कोणी म्हटलं की तिची काळजी सुरू व्हायची. तिने शेजारच्या काकूंना सांगितलं. काकूंनी दारात खुर्ची टाकून अख्ख्या इमारतीला सांगितलं. मग सल्ल्यांची रीघ लागली. काकूंचं मत, दारांना बाहेरून पितळी कडी बसवून घ्यावी आणि कुलूप लावावं. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले की कडी आत अडकली तर हिरडी न दुखवता दाढ काढतात तसा हलका पीळ देऊन ती ओढायची. आपल्याकडे चिमटे आहेत, कधीही हाक मारा.

हाक मारायची वेळ आलीच. मोठ्या साहेबांच्या, त्याच मळमळणाऱ्या साहेबांच्या, निरोप समारंभाला सगळे नटूनथटून खाली उतरले. इस्त्री मोडू नये म्हणून तिने चहासुद्धा उभ्याने घेतला होता. गाडीजवळ गेले तर कड्या बाहेर येईनात. पुढे गेले, मागे आले, नवऱ्याने दुरून धावत येऊन गाडीला चकवायचा प्रयत्न केला. दंतवैद्य चिमटा घेऊन आले आणि रंगावर एक ओरखडा काढून गेले. शेवटी डिकी उघडते असं सासऱ्यांच्या लक्षात आलं. मग काय करणार? आधी नवरा डिकीतून सरपटत आत गेला, मागोमाग चिऊला सरकवलं, मग ती. सासऱ्यांनी घरीच राहणं पसंत केलं. उशीर झाल्यामुळे समारंभाच्या दारात पोचले तेव्हा साहेब नेमके पाहुण्यांना घेऊन पायरीवर उभे होते, आणि दारं आतूनही उघडायला तयार नव्हती. आपली जुनी गाडी कोणाकडे गेली हे साहेब त्याच वेळी पाहुण्यांना अभिमानाने दाखवत होते. गाडी थांबली, डिकी सावकाश वर गेली आणि त्यातून आधी तिचे पाय बाहेर आले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

त्या दिवसापासून ती पेटली. माणसाचं काहीही सहन करता येतं, पण डिकीतून पाय आधी बाहेर येणं सहन होत नाही.

या गाडीच्या मालकांचा फोनवर एक गट होता, त्यात ती शिरली. तिथे गेल्यावर कळलं की आपण फारच सुखी आहोत. एका गृहस्थांच्या गाडीची डिकी अंत्ययात्रेत आपोआप उघडायची आणि संगीत लागायचं. एका प्राध्यापिकेची सीट गरम व्हायची ती थांबायची नाही. त्या उभ्याने शिकवत. एकाची गाडी मागच्या रिकाम्या सीटवर कोणीतरी बसलंय असं धरून चालायची आणि त्या अदृश्य माणसाने पट्टा लावेपर्यंत ओरडायची. त्याची आई मागे बसायला घाबरू लागली होती. सगळ्यांनी तक्रारी केल्या होत्या आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं होतं, आपल्या भावना पुढे पोचवल्या आहेत.

ती सगळ्यांच्या तक्रारी वाचत गेली आणि घोडं कुठे अडलंय ते तिला दिसलं. भाषेत. लोक नुसतं 'सीट गरम होते' असं लिहीत. सीट गरम झाली तर कंपनीला काय त्याचं? कॉलेजात निबंधाचं बक्षीस तिने उगाच मिळवलेलं नव्हतं. तिने प्राध्यापिकाबाईंची तक्रार नव्याने लिहून दिली. त्यात सीट गरम होतेच, पण शेजारी एक वयोवृद्ध आत्या बसतात, त्यांना उष्णता सोसत नाही आणि मागे एक तान्हं मूल कळवळून रडतं. आठवड्यात सीट बदलून मिळाली. गटात तिचा जयजयकार झाला. जो तो आपली तक्रार तिच्याकडे पाठवू लागला आणि ती प्रत्येकीत एक म्हातारं माणूस आणि एक लहान मूल बसवून परत करू लागली. ज्यांना कोणीच नव्हतं असे एक अविवाहित गृहस्थ होते, त्यांना तिने आजी दिली. ते पुढे त्या आजीत इतके गुंतले, की तिची तब्येत बरी आहे असं गटात अधूनमधून कळवत.

नवरा म्हणाला, "अगं, ही म्हातारी माणसं कंपनीने मोजली तर?"

"मोजत नाहीत," ती म्हणाली. "वाचतात कुठे नीट? म्हणून तर लिहावं लागतं."

त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या कड्यासुद्धा मग बदलून मिळाल्या. बदलताना कंपनीने गाडीत काहीतरी नवीन भरलं, संगणकात भरतात तसं, आणि गाडी आता अधिक हुशार झाल्याचं कळवलं.

हुशार झालेल्या गाडीने पुढच्याच आठवड्यात काकूंच्या कुंड्या खाल्ल्या. संध्याकाळची वेळ. सासरे आणि चिऊ तळ्यावरून परत येत होते. या गाडीत वेगाच्या पट्टीवरून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून, पाय उचलला की ती आपली आपण मंदावते, ब्रेकची गरज फारशी लागत नाही. फाटकातून आत आल्यावर सासऱ्यांनी पाय उचलला. गाडी मंदावली नाही. त्यांनी ब्रेक दाबेपर्यंत ती फुलांच्या वाफ्यावर चढली, कुंड्या आडव्या केल्या आणि काकूंची खुर्ची कुशीत घेऊन थांबली. काकू क्षणभर आधीच बहिणीचा फोन घ्यायला उठल्या होत्या. बहिणीने आपला जीव वाचवला असं त्या अजून सांगतात, आणि आधी त्या बहिणीबद्दल काय सांगत ते आता कोणी काढत नाही.

ती जिन्यावरून धावत खाली आली. चिऊ आत सुखरूप होती आणि पुन्हा पुन्हा करा म्हणत होती. सासरे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून सरळ बसलेले होते.

"मी पाय काढला होता," ते म्हणाले. "गाडी थांबली नाही."

"हो बाबा," ती म्हणाली. चिऊला पोटाशी धरलं होतं तिने.

त्याच संध्याकाळी तिने तक्रार लिहायला घेतली. पहिला मसुदा खरा होता, म्हणून तिला लेचापेचा वाटला. चालकाने पाय काढला, गाडी मंदावली नाही. बस, एवढंच? याला उत्तर येणार, भावना पुढे पोचवल्या आहेत. नाही, या वेळी कंपनीला घाम फुटला पाहिजे. तिने लेखणी परजली. हातात फोन होता, पण परजली लेखणीच. गाडीत लहान मूल होतंच, ते खरंखुरं. आता म्हातारं माणूस हवं होतं. तिने लिहिलं की गाडी चालवणारे गृहस्थ वयोवृद्ध आहेत, त्यांचा गुडघा पूर्वीसारखा वळत नाही, नजर संध्याकाळी अंधूक होते, पटकन काही सुचत नाही. अशा माणसाच्या हाती जेव्हा एक अजाण बालक असतं तेव्हा गाडीने दगा देणं किती भयंकर.

यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. सासऱ्यांची नजर घारीची होती. गुडघा ते नको असलेल्या समारंभांपुरताच दुखवून घेत. पटकन सुचत नव्हतं म्हणावं तर ब्रेक त्यांनीच दाबला होता. लिहिताना तिला हे सगळं ठाऊक होतं. गंमत अशी, की लिहून झाल्यावर तिने ते पुन्हा वाचलं, तेव्हा ते इतकं चांगलं उतरलं होतं की तिला थोडं थोडं पटायला लागलं. दुसऱ्या दिवशी सासरे चिऊला घेऊन निघाले तेव्हा, "आज राहू दे ना बाबा, जरा वारं आहे," असं ती म्हणून गेली. वारं नव्हतं. सासऱ्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि बूट काढून ठेवले.

कंपनीला खरोखरच घाम फुटला. चौकशीचा निकाल प्रत्यक्ष सांगू, म्हणून बोलावणं आलं. सासऱ्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. आपली साक्ष लागेल, असं त्यांना वाटत होतं. काय झालं ते मुद्देसूद सांगता यावं म्हणून सकाळपासून ते मनातल्या मनात फाटकातून आत येत होते.

सर्व्हिस सेंटर म्हणजे मोठ्या हॉटेलाची बैठक वाटावी अशी जागा. बसायचे सोफे इतके खोल, की एकदा बसलं की तक्रार करायला उठता येत नाही. तिथल्या व्यवस्थापकाने परीक्षकांना पाहिलं आणि तो ताडकन उभा राहिला. कधीकाळी यांनीच त्याला, गाडी मागे घेताना मान वळवली नाही म्हणून, पुढच्या वेळी बोलावलं होतं. तो पुढच्या वेळी आणि त्याच्याही पुढच्या वेळी गेला होता. त्याने कॉफी मागवली, खुर्ची पुढे केली आणि चुळबुळ करत भिंतीवरचा भलामोठा पडदा लावला. निकाल वरून आलाय, म्हणाला, माझ्या हातात काही नाही, मी फक्त वाचून दाखवायचं.

त्याने वाचलं. गाडीत दोष आढळला नाही. तक्रारदारांच्या स्वतःच्या निवेदनानुसार चालक वयोवृद्ध असून त्यांचा गुडघा पूर्वीसारखा वळत नाही, नजर संध्याकाळी अंधूक होते व पटकन काही सुचत नाही; सबब सदर प्रसंग चालकाच्या शारीरिक मर्यादांमुळे घडला असून तक्रार बंद करण्यात येत आहे. कुटुंबाने दुसऱ्या चालकाची सोय पाहावी.

पडद्यावर तिची वाक्यं हाताएवढ्या अक्षरांत उभी होती. जन्मात पहिल्यांदा तिचं लिखाण कोणीतरी अक्षर न् अक्षर वाचलं होतं. कॉफी घेऊन आलेला माणूससुद्धा कप हातात धरून वाचत थांबला.

"हे कोणी लिहिलंय?" सासऱ्यांनी विचारलं.

व्यवस्थापकाने तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणूनच ते कळलं.

सासरे खालपर्यंत पुन्हा एकदा वाचत गेले. चष्म्याशिवाय, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. मग खिशातून गाडीचं, किल्लीऐवजी मिळालेलं कार्ड काढून त्यांनी ते टेबलावर ठेवलं, जुनी किल्ली ठेवली होती तसंच, आवाज न करता.

"असा उमेदवार माझ्याकडे आला असता," ते म्हणाले, "तर मी त्याला 'पुढच्या वेळी या' असंसुद्धा म्हटलं नसतं."

परत येताना गाडी तिने चालवली. गाडीने तिला तीन तारे दिले.

सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत, अबोला धरला नाही. उलट नको इतके नीट वागू लागले. चहा झाला की कप स्वतः विसळून ठेवत. तिला 'अगं' म्हणायचे ते 'सूनबाई' म्हणायला लागले. आणि कुठला समारंभ नसतानाही त्यांचा गुडघा दुखू लागला. जिना चढताना ते कठडा धरत. संध्याकाळ झाली की चिऊ बूट हातात घेऊन दारात बसायची, सासरे तिला म्हणायचे, आजोबांना दिसत नाही गं संध्याकाळी, आणि वर्तमानपत्र उघडून त्यातली सगळ्यांत बारीक जाहिरात वाचत बसायचे.

तिला सगळं मागे घ्यायचं होतं. पण तक्रार करायला जेवढी जागा ठेवलेली होती तेवढी ती मागे घ्यायला नव्हती. बंद झालेल्या तक्रारीवर दोनच बटणं उरली होती, समाधानी आणि अत्यंत समाधानी. तिने गोड आवाजाच्या मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, निवेदन बदलायचं तर नवीन तक्रार करा. तिने नवीन तक्रार केली, की आमच्या सासऱ्यांची प्रकृती उत्तम असून त्यांना कसलीही तक्रार नाही. उत्तर आलं, तक्रार नसल्यास तक्रार नोंदवता येत नाही. मग तिने लिहिलं की आधीचं निवेदन चुकीचं होतं. उत्तर आलं, तसं असल्यास गुडघ्याचा वैद्यकीय दाखला जोडावा. ही गोष्ट सासऱ्यांना कशी सांगायची? काकू म्हणाल्या, गुपचूप झोपेत तपासून घ्या. दंतवैद्य म्हणाले, गुडघा माझ्याकडे येत नाही, पण माणसाच्या दातांवरून त्याचं एकंदर कळतं. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असल्याचा दाखला मी आनंदाने देईन. त्यांनी दिलाही. कंपनीने तो पुढे पोचवला.

गटावरही तिने लिहायचं सोडलं. अविवाहित गृहस्थांनी, आजी विचारत होती ताई कुठे गेल्या, असा निरोप धाडला. तो वाचून ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी नुसतीच उभी राहिली. खोट्या आजीला तिची आठवण येत होती आणि खऱ्या आजोबांनी पलीकडच्या खोलीत दिवा न लावता बसायची सवय लावून घेतली होती.

मग दुसरा रिकॉल आला. या वेळी सगळ्या गाड्यांना, सरसकट. पट्टीवरून पाय काढल्यावर वेग कमी न होण्याची शक्यता निदर्शनास आली आहे, मागे भरलेल्या सुधारणेत त्रुटी राहिली होती, ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, बारीक अक्षरांसकट, आणि फोन तसाच घेऊन सासऱ्यांच्या खोलीत धावली.

"बाबा, बघा. गाडीचीच चूक होती. तुमची नव्हती."

सासऱ्यांनी फोन घेतला, लांब धरला, वाचला. परत दिला.

"बरं झालं. दुरुस्त करून घ्या."

"बाबा, तुम्ही बरोबर होतात."

"ते मला माहीत होतं, सूनबाई." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तुलाही माहीत असेल असं मला वाटत होतं."

तिला म्हणायचं होतं की माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं, ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं. पण मग ते वारं कशाला आडवं आणलं होतं तिने? तिने त्यांचा रिकामा कप उचलला. तोही त्यांनी विसळून ठेवलेला होता.

गाडी माहेरी जाऊन आली. व्यवस्थापकाने स्वतः आणून दिली, परीक्षकांना भेटायचं होतं त्याला, पण ते झोपलेत असं आतून सांगण्यात आलं. त्याने जाताना तिला हळूच सांगितलं की गाडी आता अगदी निर्धोक आहे. ती हो म्हणाली. तिला आता गाडीची काळजी वाटत नव्हती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काळजी न वाटण्याने तिला बरं वाटलं नाही.

एका संध्याकाळी चिऊ बूट घेऊन दारात बसली ती उठेना. आजोबा हवेत, बदकं हवीत, आत्ता. सुनेने कार्ड सासऱ्यांपुढे धरलं. त्यांनी मान हलवली. मग चिऊने त्यांचा हात धरून ओढलं, तेव्हा ते निघाले, पण चालकाच्या दाराकडे वळले नाहीत. मागच्या दाराची कडी आपण होऊन बाहेर आली आणि ते चिऊच्या शेजारी जाऊन बसले. कठडा धरल्यासारखा त्यांनी पुढच्या सीटचा माथा धरला होता. स्टिअरिंग तिच्या हाती आलं.

गाडी तळ्याच्या रस्त्याला लागली. आरशात तिला सासरे दिसत होते. बाहेर म्हैस होती. चिऊने टाटा केला आणि वर पाहिलं, पण आजोबांनी बरोबर म्हटलं नाही. चिऊने थोडा वेळ वाट पाहिली. मग परीक्षा राहूनच जाणार असं तिला वाटलं असावं. तिने आवाज खर्जात नेला.

"पुढे वळण आहे. चालकाने काय करावं?"

सासरे काचेबाहेर बघत होते.

"वेग कमी करावा," ती पुढून म्हणाली आणि पट्टीवरचा पाय उचलला. गाडी शहाण्यासारखी मंदावली. वळण गेलं. बदकं पाण्यावर होती, ती दोघांनी मागून काचेला नाक लावून पाहिली. परत येऊन काकूंच्या नव्या कुंड्यांपाशी तिने गाडी थांबवली, आणि पडद्यावर पाच तारे लागले. पाचच्या पाच. ते सासऱ्यांना दिसू नयेत म्हणून तिने पडद्यावर हात ठेवला.

"आजोबा," चिऊने विचारलं, "आई पास?"

तिने आरशात बघायचं टाळलं. मागे पट्टा सुटल्याचा आवाज झाला. सासऱ्यांनी रुमाल काढून नाकावरचा घाम पुसला.

"वळणावर मान वळवली नाही तिने," ते म्हणाले. मग दार उघडून, एक पाय खाली टाकल्यावर, "अगं, पुढच्या वेळी ये."